खारपाणपट्ट्यातलं पाणी : तपासणीच्या नोंदी

२८ मार्च

रसायनशास्त्राच्या मुलांसाठी यंदाचा प्रकल्प पक्का केला. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत जो खारपाणपट्टा पसरला आहे, तिथल्या काही विहिरी, बोअर आणि नळांचं पाणी तपासायचं. एकदा पावसाळ्याआधी, एकदा नंतर. मुलं याच गावांतली. कुणाच्या घरी साबणाला फेस येत नाही, कुणाच्या घरी तूरडाळ कितीही उकळली तरी कच्ची राहते, आणि ‘आमच्याकडचं पाणीच तसं’ यापलीकडे त्याबद्दल घरात कुणी बोलत नाही. त्या पाण्यात नेमकं काय आहे, किती आहे, हे मुलांनी स्वतःच्या हातांनी काढावं अशी माझी फार इच्छा आहे.

दुसरं कारण प्रयोगशाळेतलं. वर्गात आपण कठीणपणा (पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम) आणि क्लोराइड काढायला शिकवतो ते कॉलेजच्या नळाच्या पाण्यावर. मोजमापं त्या पाण्याला बेतलेली असतात. खाऱ्या पाण्यावर तीच पद्धत जशीच्या तशी लावली तर ब्युरेट, म्हणजे द्रावण मोजून सोडायची नळी, रिकामी होते आणि रंग काही बदलत नाही. पद्धत कुठे चालते आणि कुठे अडते, हे इथल्या पाण्यावर काम केल्याशिवाय कळत नाही.

काय मोजायचं ते ठरलं : पीएच, विद्युतवाहकता, एकूण विरघळलेले क्षार म्हणजे टीडीएस, कठीणपणा, कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, पोटॅशियम, अल्कता (आम्ल पचवण्याची ताकद), क्लोराइड, सल्फेट, नायट्रेट, फ्लोराइड. पद्धती पाणी तपासण्याच्या भारतीय मानकाच्या, आयएस ३०२५ च्या, वेगवेगळ्या भागांप्रमाणे, मोजपट्टी पिण्याच्या पाण्याच्या मानकाची, आयएस १०५०० : २०१२ ची. सीओडी, म्हणजे पाण्यातल्या सेंद्रिय पदार्थांना लागणारा रासायनिक ऑक्सिजन, मुद्दाम वगळलं. त्यात डायक्रोमेट क्लोराइडलाही ऑक्सिडाइझ करतं आणि आकडा फुगतो. ते दाबायला मर्क्युरिक सल्फेट घालावं लागतं. जमिनीखालच्या पाण्यासाठी ज्या आकड्याची गरजच नाही, त्याच्यापायी पाऱ्याचा कचरा तयार करणं मला पटत नाही.

गावांची आणि घरांची नावं वहीत येणार नाहीत. विहिरीला ‘व’, बोअरला ‘ब’, नळाला ‘न’ आणि पुढे क्रमांक.

५ एप्रिल

बाटल्या धुण्यात दिवस गेला, आणि तो जायलाच हवा होता. सोडियम-पोटॅशियमच्या प्लास्टिकच्या बाटल्या सौम्य नायट्रिक आम्लात भिजवून डिस्टिल्ड वॉटरनं धुतल्या. नायट्रेटच्या बाटल्यांना नायट्रिक लावायचं नाही आणि क्लोराइडच्या बाटल्यांना हायड्रोक्लोरिक लावायचं नाही, हे मुलांकडून वदवून घेतलं. जे मोजायचं तेच धुण्यातून बाटलीत राहिलं तर पुढचं सगळं काम वाया.

द्रावणं केली. कठीणपणासाठी इडीटीएचं डायसोडियम मीठ लिटरला ३.७२३ ग्रॅम, म्हणजे ०.०१ मोलर. क्लोराइडसाठी सिल्व्हर नायट्रेट लिटरला २.३९५ ग्रॅम, म्हणजे ०.०१४१ नॉर्मल, तपकिरी बाटलीत. वजन करून भागत नाही. इडीटीए वाळवलेल्या कॅल्शियम कार्बोनेटवर आणि सिल्व्हर नायट्रेट वाळवलेल्या सोडियम क्लोराइडवर प्रमाणित करून खरी ताकद बाटलीवर लिहिली.

आणि डिस्टिल्ड वॉटर. ते आपल्याच भट्टीचं आहे म्हणून त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही. वाहकता पाहिली, सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकून धूसरपणा येतो का ते पाहिलं. स्वच्छ आहे.

१३ एप्रिल

नमुने आणले. ऊन चढायच्या आत निघालो.

पहिला बोअर, ब-३, पूर्णेच्या बाजूचा. पंप सुरू करून पाणी काही वेळ वाहू द्यावं लागतं, कारण केसिंगमध्ये उभं राहिलेलं पाणी जमिनीतल्या पाण्यासारखं नसतं. वाहकतेचा मीटर हातात धरून आकडा हलायचा थांबेपर्यंत वाट पाहायची. घरच्या आजींना ते सहन होईना. “काऊन वाया घालता बाई पानी?” एप्रिलमध्ये हा प्रश्न अगदी रास्त आहे. पाइप गुरांच्या हौदात सोडला, पाणीही वाया गेलं नाही आणि आमचं कामही झालं. हे आता प्रत्येक बोअरवर असंच करायचं ठरलं.

जागेवर मोजलं ते पीएच, तापमान आणि वाहकता. पीएच प्रयोगशाळेत नेऊन मोजण्यात अर्थ नाही. जमिनीखाली पाण्यात कार्बन डायऑक्साइड कोंडलेला असतो. वर आलं की तो उडतो, पीएच चढतो, आणि कॅल्शियम कार्बोनेट बाटलीच्या तळाशी बसायला लागतं. म्हणजे पीएच तर चुकतोच, शिवाय कठीणपणा आणि अल्कता खरी होती त्यापेक्षा कमी दिसते. म्हणून त्या बाटल्या काठोकाठ भरल्या, आत हवेचा बुडबुडा राहू दिला नाही, आणि अल्कता त्याच संध्याकाळी काढली.

प्रत्येक जागी तीन बाटल्या. एक तशीच. एक सोडियम-पोटॅशियमसाठी, नायट्रिक आम्ल घालून पीएच २ च्या खाली आणलेली. एक नायट्रेटसाठी, तिच्यात सल्फ्युरिक आम्ल. नायट्रेटची बाटली तशीच ठेवली तर पाण्यातले जंतू ते खातात. सगळ्या बर्फाच्या डब्यात.

विहिरीवर बादली काठाजवळून न घेता मध्यभागी सोडली. पायऱ्यांच्या विहिरीत काठाचं पाणी कपडे-भांड्यांच्या साबणाचं असतं.

अल्कतेबद्दल दोन ओळी. ०.०२ नॉर्मल सल्फ्युरिक आम्ल, फिनॉल्फ्थॅलिननं ८.३ पर्यंत, मग मिथिल ऑरेंजनं ४.५ च्या आसपास. ब-३ ला फिनॉल्फ्थॅलिन घातल्यावर गुलाबी रंग आलाच नाही, म्हणजे कार्बोनेट नाही, सगळं बायकार्बोनेट. एकूण अल्कता ५२० मिलिग्रॅम प्रति लिटर, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात.

१५ एप्रिल

क्लोराइड. या प्रकल्पाचा मुख्य आयन हाच.

पद्धत मोहरची, १८५६ सालची. कार्ल फ्रीड्रिख मोहर या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं घालून दिलेली ही रीत अजून जगभर चालते, कारण ती स्वस्त आहे आणि डोळ्यांनी दिसते. पाण्यात पोटॅशियम क्रोमेट घालायचं, वरून सिल्व्हर नायट्रेट सोडायचं. आधी सगळा क्लोराइड सिल्व्हर क्लोराइडच्या पांढऱ्या साक्यात बसतो. क्लोराइड संपला की पुढच्या थेंबाचं सिल्व्हर क्रोमेटशी जुळतं आणि पिवळ्या द्रावणात विटकरी झाक टिकते. पीएच ७ ते १० च्या मध्ये हवा. खाली गेला तर क्रोमेटचं डायक्रोमेट होऊन खूण उशिरा मिळते, वर गेला तर चांदी हायड्रॉक्साइड म्हणून बसते. आमचे सगळे नमुने ७.४ ते ८.३ मध्ये आहेत, त्यामुळे ही अडचण नाही.

अडचण प्रमाणाची आहे. ०.०१४१ नॉर्मल द्रावणाचा १ मिली म्हणजे अर्धा मिलिग्रॅम क्लोराइड. पुस्तकाप्रमाणे ब-३ चं ५० मिली पाणी घेतलं असतं तर ५० मिलीची ब्युरेट संपून दुसरी भरावी लागली असती, आणि साका इतका दाट झाला असता की खूण दिसलीच नसती. म्हणून वाहकतेवरून आधी अंदाज घेतला आणि १० मिली नमुना डिस्टिल्ड वॉटरनं ५० वर नेला. १५.८ मिली लागले. नुसत्या डिस्टिल्ड वॉटरला, म्हणजे ब्लँकला, ०.२ मिली. उरले १५.६, त्यांचे ७.८ मिलिग्रॅम, १० मिलीमध्ये. लिटरला ७८० मिलिग्रॅम.

आयएस १०५०० मध्ये क्लोराइडची इष्ट मर्यादा २५० आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर १००० पर्यंत चालवून घेतात. म्हणजे ब-३ त्या सवलतीच्या पट्ट्यात बसतो. पण चवीला तो खारटच.

ब्लँक वजा करण्यावर मी अडून बसते. सातशे-आठशेच्या आकड्यात ०.२ मिली किरकोळ वाटतात, पण सातपुड्याच्या पायथ्याकडच्या व-१ ला एकूणच ३ मिलीच्या आसपास लागले. तिथे ते ०.२ किरकोळ नाहीत.

उरलेला साका आणि द्रावण सिंकमध्ये ओतायचं नाही. चांदी महाग आहे हा एक भाग. त्यात सहा-संयुजी क्रोमियम आहे हा मोठा भाग. पाणी तपासताना पाण्यात विष सोडायचं नाही. झाकणाची वेगळी बरणी ठेवली आहे, चांदी परत काढायचं काम पुढच्या सत्रात एका मुलाला देणार.

१६ एप्रिल

कठीणपणा. स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनच्या थॉमस क्लार्क यांनी १८४१ मध्ये साबणाच्या द्रावणानं कठीणपणा मोजायची रीत दिली होती : फेस टिकेपर्यंत किती साबण लागतो ते पाहायचं. आमच्या गावांतल्या बाया रोज धुणं धुताना हीच चाचणी करतात, आणि कुठल्या विहिरीचं पाणी जड हे त्यांनी सांगितलेलं आमच्या आकड्यांशी जुळतंय. विसाव्या शतकात झुरिकच्या गेरोल्ड श्वार्झेनबाख यांनी इडीटीएचं टायट्रेशन रूढ केलं आणि साबणाची रीत मागे पडली.

अमोनियाच्या बफरनं पीएच १० वर, इरिओक्रोम ब्लॅक टी घालायचं. लालसर जांभळा रंग जाऊन शुद्ध निळा आला की थांबायचं. निळ्यात लालीची छटा उरली असेल तर ते संपलेलं नाही. बफर घातल्यावर पाच मिनिटांच्या आत उरकायचं, कारण आमच्या पाण्यात अल्कता जास्त आहे आणि पीएच १० वर कॅल्शियम कार्बोनेट साका होऊन हातातून निसटतं. त्यासाठीही नमुना निम्मा घेऊन पातळ केला. आणि इथल्या उन्हाळ्यात बफरची बाटली उघडी राहिली तर अमोनिया उडून जातो, मग रंग नीट पालटत नाही. झाकण लगेच लावायचं.

ब-३ : २५ मिलीला १४.० मिली इडीटीए, म्हणजे कठीणपणा ५६०. मग सोडियम हायड्रॉक्साइडनं पीएच १२ च्या वर नेला. तिथे मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड म्हणून बाजूला बसतं आणि म्युरेक्साइड फक्त कॅल्शियम दाखवतं. ४.० मिली, म्हणजे १६० कॅल्शियमचे. उरलेले ४०० मॅग्नेशियमचे. आयनांच्या भाषेत कॅल्शियम ६४ आणि मॅग्नेशियम ९७ मिलिग्रॅम प्रति लिटर.

नेहमीच्या विहिरींत कॅल्शियम जास्त आणि मॅग्नेशियम कमी असतं. इथे उलटं आहे. मॅग्नेशियमची मर्यादा ३० आणि सवलतीत १००, म्हणजे हा बोअर कडेवर उभा आहे. नुसता एकूण कठीणपणा लिहून थांबलो असतो तर हे दिसलंच नसतं.

२० एप्रिल

टीडीएस. आज मुलांशी सर्वांत जास्त बोलले ते याच विषयावर, कारण घरोघरी आरओ विकणारे हातात पेनासारखा मीटर घेऊन फिरतात आणि त्यावरचा आकडा लोकांना देववाणीसारखा वाटतो.

तो मीटर टीडीएस मोजत नाही. तो वाहकता मोजतो आणि एका ठरावीक गुणकानं गुणून दाखवतो. गुणक कोणता, हे कंपनीनं आत बसवलेलं असतं. ब-३ ची वाहकता २५ अंशांवर ३,७०० मायक्रोसिमेन्स प्रति सेंटिमीटर. ०.५ चा गुणक असलेला मीटर १,८५० दाखवतो. ०.६५ वाला २,४०५ दाखवतो. सवलतीची मर्यादा आहे २,०००. म्हणजे तेच पाणी एका मीटरवर पास, दुसऱ्यावर नापास.

म्हणून वजन करून पाहिलं. पाणी गाळून, वजन केलेल्या बशीत आटवून, १८० अंशांवर वाळवून पुन्हा वजन. १०० मिली घेतलं असतं तर अवशेष २०० मिलिग्रॅमच्या वर गेला असता, आणि इतक्या जाड थराखाली पाणी अडकून राहतं. ५० मिलीच घेतलं. वजन स्थिर होईपर्यंत पुन्हा पुन्हा वाळवलं. २,१५० च्या जवळ आलं. नापास, आणि आता हे ठामपणे सांगता येतं.

मीटर टाकून द्यायचा नाही. जागेवर बोअर स्थिर झाला का, दोन विहिरींत फरक किती, हे पाहायला त्याच्यासारखं काही नाही. मात्र वहीत वाहकता वाहकता म्हणूनच लिहायची, आणि दररोज सकाळी ०.०१ मोलर पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणावर, १,४१३ वर, तो जुळवून घ्यायचा.

२४ एप्रिल

सोडियम-पोटॅशियम फ्लेम फोटोमीटरवर. खूप पातळ करावं लागलं. ब-३ : सोडियम ६२०, पोटॅशियम ४. सल्फेट बेरियम क्लोराइडनं धूसर करून ४२० नॅनोमीटरवर : २१०. ही धूसरपणाची पद्धत ४० मिलिग्रॅमच्या वर भरवशाची नाही, त्यामुळे इथेही पातळ करणं आलंच.

२ मे

आज ताळा केला. माझ्या मते संपूर्ण प्रकल्पातलं सर्वांत महत्त्वाचं काम हेच.

पाणी विद्युतदृष्ट्या उदासीन असतं. धन आयनांची बेरीज आणि ऋण आयनांची बेरीज सममूल्यांत, म्हणजे वजन विद्युतभाराच्या हिशेबात आणून, सारखी यायलाच हवी. प्रत्येक आकडा वेगळ्या पद्धतीनं, वेगळ्या हातानं, वेगळ्या दिवशी काढलेला. त्यातला एक जरी खोटा असेल तरी ताळा जुळत नाही.

ब-३ चे धन आयन : कॅल्शियम ३.१९, मॅग्नेशियम ७.९८, सोडियम २६.९७, पोटॅशियम ०.१०. बेरीज ३८.२४ मिलिसममूल्य प्रति लिटर. ऋण आयन : बायकार्बोनेट १०.४०, क्लोराइड २२.००, सल्फेट ४.३७. बेरीज ३६.७७. नायट्रेट आणि फ्लोराइड अजून काढायचे आहेत, तरी फरक दोन टक्क्यांच्या आत. पाच टक्क्यांपर्यंत मान्य असतो. शिवाय बेरजेची शंभरपट वाहकतेच्या जवळ यावी असा एक ठोकताळा आहे : ३,८२४ आणि ३,७००. जुळतं.

व-२ मात्र जुळली नाही. ही गावातली जुनी विहीर, गोठ्याच्या मागे. कॅल्शियम ४.७९, मॅग्नेशियम ६.०१, सोडियम १०.४४, पोटॅशियम ०.३६, एकूण २१.६०. समोर बायकार्बोनेट ८.६०, क्लोराइड ८.१८, सल्फेट १.८३, एकूण १८.६१. सात टक्क्यांहून जास्त फरक. मुलांनी क्लोराइड पुन्हा केलं, अल्कतेची नोंद पुन्हा पाहिली. आकडे तेच.

मग एका मुलीनं विचारलं, की आपण न मोजलेलाच एखादा ऋण आयन एवढा असेल तर? २.९९ मिलिसममूल्य नायट्रेटचं धरलं तर लिटरला १८५ मिलिग्रॅम होतं. मर्यादा ४५. आणि या विहिरीचं पोटॅशियम बाकीच्यांच्या कितीतरी पट आहे, जे शेण-मूत्रातून येतं. तिच्या या प्रश्नानं मला खरोखर अभिमान वाटला.

५ मे

नायट्रेट. नायट्रेट २२० नॅनोमीटरला अतिनील प्रकाश शोषतं, त्यावरून मोजायचं. त्यासाठी काचेचं नाही, क्वार्ट्झचं क्युव्हेट लागतं, कारण साधी काच तो प्रकाश स्वतःच गिळते. सेंद्रिय पदार्थही २२० ला शोषतात, म्हणून २७५ ला, जिथे नायट्रेट शोषत नाही, दुसरं रीडिंग घेऊन त्याची दुप्पट वजा करायची. ही वजावट २२० च्या रीडिंगच्या दहा टक्क्यांवर गेली तर ही पद्धत त्या पाण्याला लावू नये. आमच्या विहिरींत ती फार कमी आली.

फिनॉल डायसल्फोनिक आम्लाची पद्धत अनेक ठिकाणी अजून चालते. खाऱ्या पाण्यात तिच्यावर विसंबू नये. क्लोराइड असताना आम्लात नायट्रेटचा काही भाग उडून जातो आणि आकडा कमी येतो. आधी सिल्व्हर सल्फेटनं क्लोराइड काढून टाकावा लागतो, आणि सातशे-आठशे क्लोराइडच्या पाण्यात ते फार खर्चिक.

व-२ दहापट पातळ करून : १७८ मिलिग्रॅम प्रति लिटर. ताळ्यातला फरक आता अर्ध्या टक्क्याच्याही आत. ब-३ ला ६२, तोही मर्यादेच्या वर.

इथे एक गोष्ट वहीत मोठ्या अक्षरांत लिहून घेतली. नायट्रेट दोन प्रकारे सांगतात : नायट्रेट म्हणून आणि त्यातल्या नायट्रोजन म्हणून. ४५ मिलिग्रॅम नायट्रेट म्हणजे साधारण १० मिलिग्रॅम नायट्रोजन. उपकरण ‘४०’ दाखवत असेल आणि ते नायट्रोजनचं असेल, तर मर्यादेच्या आत आहे असं समजून आपण एका घराला धोक्यात टाकू.

ज्या घरात व-२ चं पाणी जातं तिथे सहा महिन्यांच्या आतलं बाळ आहे, आणि इतक्या लहान बाळाला नायट्रेट सर्वांत धोक्याचं. अहवालाची वाट न पाहता संध्याकाळीच गेले. बाळाची आई म्हणाली, “पानी उकळूनच घेतो ना मॅडम आमी.” उकळून नायट्रेट जात नाही, पाणी आटलं की ते वाढतं, हे शांतपणे सांगितलं. बाळाला वरचं दूध किंवा पावडर कालवायला या विहिरीचं पाणी अजिबात नको, योजनेच्या नळाचं वापरा. त्यांनी लगेच वेगळा हंडा काढून ठेवला.

११ मे

फ्लोराइड आणि क्लोरीन.

विदर्भात फ्लोराइड हा शब्द हलका नाही. यवतमाळ जिल्ह्यात फ्लोराइडमुळे मुलांच्या दातांवर तपकिरी डाग पडलेली गावं आहेत. आमच्या नमुन्यांत ते बहुतेक ठिकाणी १ च्या खाली आलं, ब-३ ला ०.९. मर्यादा १.०, सवलतीत १.५.

स्पॅडन्स पद्धतीत झिर्कोनियम आणि रंगद्रव्याचं लाल द्रावण असतं. फ्लोराइड झिर्कोनियमला ओढून घेतं आणि रंग फिका होतो. जितकं फ्लोराइड जास्त तितकं फिकं. पण क्लोरीनही रंग फिका करतो! योजनेच्या नळाच्या पाण्यात उरलेला क्लोरीन असतो, म्हणून न-१ मध्ये आधी सोडियम आर्सेनाइटचा थेंब घालून तो मारला, नाहीतर चांगल्या नळावर खोटा ठपका आला असता. काही नमुने इलेक्ट्रोडवरही ताडून पाहिले. इलेक्ट्रोडला आयनांची ताकद आणि पीएच सारखे ठेवणारा टिसॅब बफर निम्मा घालावा लागतो, खाऱ्या पाण्यात तर विशेष. दोन्ही पद्धती जुळल्या.

क्लोरीन गावातच पाहिला, जलसुरक्षकांसोबत. ते टाकीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकतात आणि क्लोरोस्कोपवर ऑर्थोटोलिडिननं पिवळा रंग जुळवतात. आम्ही शेजारी डीपीडी या दुसऱ्या रसायनानं गुलाबी रंग पाहिला. ऑर्थोटोलिडिनचा रंग लगेच वाचला पाहिजे. थांबलं की अमोनियासारख्या पदार्थांशी बांधलेला क्लोरीनही रंग देतो आणि मोकळा क्लोरीन आहे त्याहून जास्त वाटतो. शिवाय ऑर्थोटोलिडिन अंगाला घातक, हातमोजे घालून वापरावं. शेवटच्या नळाला मोकळा क्लोरीन ०.२ च्या वर होता.

गावातल्या ज्या महिलांना जलजीवन मिशनमध्ये फील्ड टेस्ट किटचं शिक्षण मिळालं आहे, त्यांनीही त्याच बाटल्यांतून आपल्या किटनं तपासलं. थेंब मोजून क्लोराइड, पट्टीच्या रंगावरून नायट्रेट. व-२ ची पट्टी सर्वांत गडद रंगाला गेली. प्रयोगशाळेसारखा बारीक आकडा किट देत नाही, पण कुठली विहीर आधी प्रयोगशाळेत न्यायची हे त्यांनी घरबसल्या अचूक सांगितलं असतं. पुढच्या फेरीत नमुन्यांची निवड त्यांच्या हातांनी करायची.

१९ मे

शेतकऱ्यांचा प्रश्न वेगळा : “हे पानी हरभऱ्याले चालते का?”

त्यासाठी सोडियमचं कॅल्शियम-मॅग्नेशियमशी नातं पाहावं लागतं. ब-३ : २६.९७ ला (३.१९ + ७.९८) ÷ २ च्या वर्गमुळानं भागलं, ११.४ आलं. हा आकडा जितका मोठा तितका सोडियमचा मातीला धोका जास्त. वाहकता ३,७००. अमेरिकेच्या क्षारता प्रयोगशाळेनं १९५४ मध्ये दिलेल्या वर्गवारीत २,२५० च्या वरचं पाणी अति-क्षार वर्गात जातं. काळ्या चिकणमातीत सोडियम साचला की माती फुटते, छिद्रं बुजतात, पाणी मुरत नाही आणि पुढच्या वर्षी जमीन दगडासारखी होते. हरभरा तर क्षारांना नाजूक. म्हणून बोअरचं पाणी नको. शेततळ्यात साठवलेल्या पावसाच्या पाण्याची एक संरक्षक पाळी द्यावी. ज्यांच्या जमिनी आधीच बिघडल्या आहेत त्यांनी जिप्समचं प्रमाण माती तपासून ठरवावं. त्यासाठी अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात मातीचा नमुना न्या, असं सांगितलं.

३० मे

घराघरांत कार्डं दिली. प्रत्येकावर आकडा, त्यापुढे मर्यादा, आणि खाली एक ओळ : पिण्याला, स्वयंपाकाला, धुण्याला, गुरांना, यांपैकी कशाला चालेल. मुलांनी नुसती टेबलं दिली असती तर कुणाच्या काही उपयोगी पडली नसती.

किडनीच्या आजाराबद्दल अनेकांनी विचारलं. क्लोराइड किंवा टीडीएसवरून कुणाच्या किडनीबद्दल बोलायचं नाही, हे मुलांना आधीच बजावलं होतं. रक्तातलं क्रिएटिनिन तपासून घ्या, डॉक्टरांना दाखवा, एवढंच सांगितलं.

१८ ऑक्टोबर

पावसाळ्यानंतरची फेरी. गावात सगळे म्हणतात की दसऱ्यानंतर विहीर गोड होते. व-४ वर ते पडताळलं. बाटलीला वजन बांधून बूच दोरीनं ओढायची सोय केली आणि वेगवेगळ्या खोलीवरून पाणी घेतलं. वाहकता वर ९८०, मधे १,४५०, तळाशी ३,१००. पावसाचं हलकं गोडं पाणी खाऱ्यावर थर धरून आहे. हातानं शेंदणाऱ्या घराला वरचं मिळतं, तळाशी पंप बसवणाऱ्याला खालचं. एकाच विहिरीचं पाणी दोन घरांत वेगळं का लागतं, याचं उत्तर मिळालं. आता प्रत्येक विहिरीच्या नोंदीत खोली लिहायची, नाहीतर एप्रिल आणि ऑक्टोबरची तुलनाच करता येणार नाही.

२ नोव्हेंबर

व-२ : क्लोराइड २९० वरून १९० वर आलं, नायट्रेट मात्र १७८ वरून जेमतेम १६५. पावसानं क्षार पातळ केले, पण उकिरड्यातला नायट्रोजनही त्यानंच खाली मुरवला. ताळा दोन टक्क्यांच्या आत, म्हणजे आकड्यांवर शंका घ्यायला जागा नाही.

घरच्यांनी उकिरडा विहिरीच्या वरच्या उतारावरून शेताच्या पलीकडे हलवला आहे आणि बाळासाठी अजून नळाचंच पाणी वापरतात. उकिरडा हलवल्यानं नायट्रेट लगेच उतरणार नाही, मातीत मुरलेलं खाली यायला वेळ लागतो, हे त्यांना सांगून आले. या विहिरीचं नायट्रेट आणि पोटॅशियम फेब्रुवारीत आणि मेमध्ये त्याच खोलीवरून पुन्हा काढायचं. सल्फेटचे तीन नमुने आणखी पातळ करून या आठवड्यात करायचे आहेत, आणि सिल्व्हर नायट्रेट पुन्हा प्रमाणित करायचं आहे.